व्यासपीठ, भोजनाची मेजे आणि सज्जा : वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधील व्याख्याने व सभासदत्वाचा प्रश्न

प्रास्ताविक

वृत्तपत्रांचा इतिहास सामान्यतः संपादक, अग्रलेख, खटले आणि खप यांच्या आधारे लिहिला जातो. बातमीदार ज्या ठिकाणी एकत्र येतात, जेवतात, पत्ते खेळतात आणि एखाद्या पाहुण्यास बोलावून त्याचे म्हणणे ऐकतात, त्या जागांचा इतिहास मात्र गौण मानला जातो. तथापि विसाव्या शतकातील अमेरिकन पत्रकारितेत कोणास बातमी मिळाली आणि कोणास मिळाली नाही, याचा उलगडा अशा जागांच्या घटना व नियम पाहिल्याखेरीज होत नाही. वॉशिंग्टन येथील नॅशनल प्रेस क्लब हे याचे ठळक उदाहरण होय. नावात ‘नॅशनल’ असले तरी ही संस्था मुळात एका शहरातील बातमीदारांचा क्लब होती. ते शहर देशाची राजधानी असल्यामुळे क्लबच्या भोजनगृहात जे बोलले जाई ते दुसऱ्या दिवशी देशभर छापले जाई, एवढाच काय तो फरक.

प्रस्तुत लेखात या क्लबच्या दोन अंगांचा परस्परसंबंध तपासला आहे. पहिले अंग म्हणजे सार्वजनिक प्रश्नांवरील भोजनप्रसंगीची व्याख्याने आणि दुसरे म्हणजे सभासदत्व. व्याख्यानाचा विषय सार्वजनिक होता, वक्ता बहुधा सार्वजनिक पदावर होता, त्याचे शब्दही सार्वजनिक होणार होते. सभागृह मात्र खाजगी होते, आणि तेथे कोणी बसावे हे सभासद ठरवीत. ही विसंगती प्रथम कोणास खटकली नाही. पुढे ती ज्यांच्या पोटावर आली त्यांनी ती उघड केली.

स्थापना आणि ‘सक्रिय वृत्तपत्रकार’ ही व्याख्या

१२ मार्च १९०८ रोजी वॉशिंग्टनमधील ३२ वृत्तपत्रकार एकत्र जमले आणि पत्रकारांचा एक क्लब असावा यावर त्यांनी विचारविनिमय केला. २९ मार्च रोजी विलर्ड हॉटेलात पुन्हा बैठक होऊन संस्थेची घटना तयार करण्यात आली. सभासदांचे सामाजिक मनोरंजन, वाङ्मयीन अभिरुचीची जोपासना, वृत्तपत्रकार व व्यवसायाच्या निमित्ताने त्यांचा ज्यांच्याशी संबंध येतो अशा व्यक्ती यांच्यातील स्नेहभाव, अडचणीतील सभासदांस साहाय्य आणि व्यवसायाच्या नैतिक मानदंडांचे पोषण अशी उद्दिष्टे तीत नमूद होती.  त्याच वर्षी एफ स्ट्रीटवरील १२०५ क्रमांकाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर क्लबच्या खोल्या सुरू झाल्या.

या उद्दिष्टांच्या यादीत व्याख्यानांचा उल्लेख नाही, ही बाब लक्षणीय आहे. संस्थापकांना एक बसण्या-उठण्याची जागा हवी होती. १८८५ पासून शहरात ग्रिडायरन क्लब होता, परंतु तो मोजक्या प्रतिष्ठित वार्ताहरांचा. सर्वसाधारण बातमीदाराला रात्रपाळी संपल्यावर जाण्यासाठी स्वतःचे असे ठिकाण नव्हते. १८९१ मध्ये नॅशनल कॅपिटल प्रेस क्लब या नावाने एक प्रयत्न होऊन गेला होता, पण सभासदांना उधारी देता देता ती संस्था बुडाली. हा अनुभव ताजा असल्याने नव्या क्लबने सभासदांना कधीही उधार द्यावयाचे नाही असा निश्चय केला. घटनेतील उदात्त उद्दिष्टांपेक्षा या व्यवहारी नियमाने संस्थेला अधिक आयुष्य दिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

सभासदत्व ‘सक्रिय’ वृत्तपत्रकारांसाठी होते. सक्रिय याचा अर्थ प्रत्यक्ष बातमीदारीवर उपजीविका करणारा. या व्याख्येत वर्ण किंवा लिंग यांचा विचार झाला होता असे दिसत नाही. तसा विचार करण्याची गरज वाटू नये इतका त्या काळातील प्रेसचा समाज एकसाची होता. पुढे जेव्हा कृष्णवर्णीय व स्त्री पत्रकार प्रत्यक्ष बातमीदारीवर उपजीविका करू लागले, तेव्हा व्याख्येचे शब्द त्यांना लागू पडत होते आणि व्यवहार मात्र त्यांना बाहेर ठेवीत होता. या लेखाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आहे.

क्लबला राजकीय महत्त्व लवकरच आले. २० मार्च १९१४ रोजी क्लबच्या नव्या जागेच्या उद्घाटनप्रसंगी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तेथे बोलले. लोकांच्या मनातील आपली थंड, विचारनिष्ठ प्रतिमा आणि आपण स्वतः यांच्यातील अंतर हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी पत्रकारांच्या नियमित परिषदांची प्रथा सुरू केली होती. परिषदेत जे बोलता येत नाही ते क्लबमध्ये बोलता येते, हे एका राष्ट्राध्यक्षाने ओळखले होते. वॉरन हार्डिंग तर स्वतःच ओहायोतील ‘मॅरियन स्टार’ या पत्राचे मालक-संपादक होते आणि राष्ट्राध्यक्षपदी आल्यावर क्लबमध्ये ते आपल्या व्यवसायबंधूंत वावरल्याप्रमाणे वावरत.

१९२५ मध्ये कायम वास्तूची योजना हाती घेण्यात आली. चौदाव्या व एफ रस्त्यांच्या कोपऱ्यावरील जुने एबिट हॉटेल पाडून तेथे नॅशनल प्रेस बिल्डिंग उभी राहिली, ती १९२७ मध्ये पूर्ण झाली. पैसा कमी पडत होता, म्हणून चित्रपटव्यवसायातील विल्यम फॉक्स यांच्याशी करार करून इमारतीत एक चित्रपटगृहही समाविष्ट करण्यात आले. मधल्या मजल्यांवर देशभरातील वृत्तपत्रांच्या वॉशिंग्टन कचेऱ्या आणि तेराव्या-चौदाव्या मजल्यांवर क्लब, अशी ही रचना होती. तिचे परिणाम दूरगामी होते. पाहुणा वर भोजनगृहात बोलला की त्याचे शब्द काही मिनिटांत खालच्या मजल्यांवरील टंकलेखन यंत्रांपर्यंत पोहोचत. वक्त्याच्या दृष्टीने राजधानीत याहून सोयीचे ठिकाण नव्हते.

भोजनप्रसंगीची व्याख्याने

१९३२ पासून दुपारच्या भोजनाला जोडून व्याख्याने नियमितपणे होऊ लागली. राष्ट्रप्रमुख, मंत्री, सेनानी, कामगार नेते, लेखक, कलावंत असे नाना प्रकारचे वक्ते तेथे आले. या व्याख्यानांची यादी डोळे दिपवणारी आहे आणि क्लबच्या गौरवपर लेखनात ती वारंवार दिली जाते. यादीपेक्षा पद्धत अधिक अभ्यसनीय आहे.

व्याख्यानाचे वक्ते सुचवणे, निमंत्रणे पाठवणे व पाठपुरावा करणे हे काम सभासदांची समिती करी. समितीचे सभासद आपापली नोकरी सांभाळून हे काम करीत. साहजिकच कोणास बोलवावे याचा निर्णय त्यांच्या बातमीदारीच्या ओळखीपाळखींवर अवलंबून असे. भाषण संपल्यावर प्रश्नोत्तरे होत, परंतु श्रोत्यांनी उभे राहून प्रश्न विचारण्याची प्रथा नव्हती. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवावयाचा, आणि क्लबच्या अध्यक्षाने त्यांतून निवड करून तो वक्त्याला वाचून दाखवावयाचा. चिठ्ठ्यांची ही रीत मराठी व्याख्यानमालांच्या श्रोत्यांनाही अपरिचित नाही. तिचे फायदे उघड आहेत : भाषणबाज प्रश्नकर्ता आपोआप गाळला जातो आणि निनावी राहू इच्छिणाऱ्या बातमीदारास अडचणीचा प्रश्न विचारता येतो. तोटाही तितकाच उघड आहे. वक्त्याने उत्तर टाळले तर प्रश्नकर्त्याला पुन्हा विचारता येत नाही, आणि कोणता प्रश्न विचारला जाईल हे एकट्या अध्यक्षाच्या हाती राहते.

अध्यक्ष धीट असला तर मात्र ही पद्धत प्रभावी ठरे. १६ सप्टेंबर १९५९ रोजी सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह क्लबमध्ये आले तेव्हा अध्यक्षपदी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे विल्यम लॉरेन्स होते. स्टालिनच्या राजवटीतील गुन्हे घडत असताना आपण काय करीत होता, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी वाचला. ख्रुश्चेव्ह संतापले आणि अशा चिथावणीखोर प्रश्नाला आपण उत्तर देणार नाही असे त्यांनी सांगितले. १९५६ मधील ‘तुम्हाला गाडू’ या त्यांच्या कुप्रसिद्ध उद्गाराविषयीही त्यांना विचारण्यात आले. त्यांनी त्याचा खुलासा इतिहासाच्या ओघात भांडवलशाहीची जागा साम्यवाद घेईल असा केला. शीतयुद्धाच्या ऐन भरात असे प्रश्न सोव्हिएत नेत्याला समोरासमोर विचारले जाणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्या दुपारचे दुसरे महत्त्व याहून वेगळे आहे आणि त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

क्लबच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र मात्र कोणत्याही व्याख्यानाचे नाही. ते १० फेब्रुवारी १९४५ चे आहे. सैनिकांसाठी चालवलेल्या उपाहारगृहात उपराष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन पियानो वाजवीत आहेत आणि पियानोवर अभिनेत्री लॉरेन बॅकॉल बसली आहे. गंमतीचा प्रसंग म्हणून ते छापले जाते. त्या काळी क्लबच्या पियानोवर बसण्यास स्त्रीला आडकाठी नव्हती, भोजनाच्या मेजाशी सभासद म्हणून बसण्यास होती, हे मात्र त्या छायाचित्राखाली सहसा लिहिलेले नसते.

बाहेर राहिलेल्यांची संस्था

स्त्री पत्रकारांनी क्लबच्या दारावर प्रथम धडक मारली नाही. त्यांनी स्वतःची संस्था काढली. सप्टेंबर १९१९ मध्ये वुमेन्स नॅशनल प्रेस क्लबची स्थापना झाली. स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती त्या वेळी राज्यांच्या मंजुरीसाठी गेलेली होती, ती १९२० मध्ये अमलात आली. या संस्थेनेही भोजने व व्याख्याने सुरू केली. १९३३ मध्ये एलेनॉर रूझवेल्ट यांनी केवळ स्त्री वार्ताहरांसाठी पत्रकार परिषदा घेण्यास आरंभ केला. परिणामी काही वृत्तसंस्थांना वॉशिंग्टनमध्ये स्त्री बातमीदार नेमणे किंवा टिकवणे भाग पडले. परिषदेत प्रवेश मिळतो म्हणून नोकरी मिळते, हा धडा सर्वांच्याच लक्षात राहिला. त्याची उलट बाजूही तितकीच खरी होती.

ही उलट बाजू दुसऱ्या महायुद्धानंतर तीव्र झाली. अमेरिका जागतिक सत्ता झाल्यावर परदेशी नेत्यांची रीघ वॉशिंग्टनला लागली आणि त्यांचे तेथील महत्त्वाचे जाहीर भाषण नॅशनल प्रेस क्लबमध्ये ठेवण्याचा प्रघात परराष्ट्र खात्याच्या संमतीने पडला. परराष्ट्र व्यवहार पाहणाऱ्या स्त्री बातमीदाराला त्या भाषणाला जाता येत नसे. तिने आपल्या संपादकाला काय सांगावयाचे? संपादक साहजिकच त्या कामावर पुरुषाची नेमणूक करी. नंतर राजकीय बातम्यांचे काम स्त्रियांना का दिले जात नाही असे विचारले, तर त्यांना त्याचा अनुभव नाही असे उत्तर तयार असे. क्लबचा नियम आणि कचेरीतील नेमणूक ही दोन्ही एकमेकांना अशा प्रकारे पोसत होती. म्हणूनच हा वाद जेवणाचा किंवा प्रतिष्ठेचा होता असे मानणे चुकीचे आहे. तो बातमीवरील हक्काचा वाद होता.

१९५५ हे वर्ष

या संदर्भात १९५५ हे वर्ष विशेष चिकित्सेचे ठरते. त्या वर्षी क्लबने लुई लॉटियर यांना सभासद करून घेतले. ते पहिले कृष्णवर्णीय सभासद होत. लॉटियर हे कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांसाठी वॉशिंग्टनमधून लिहीत आणि १९४७ मध्ये बऱ्याच झगड्यानंतर सिनेटच्या पत्रकार कक्षात त्यांना प्रवेश मिळाला होता. सिनेटने आठ वर्षांपूर्वी मान्य केलेली गोष्ट मान्य करण्यास पत्रकारांच्या क्लबला तितका अवकाश लागला, आणि तोही सभासदांच्या मतदानातील विरोधाला तोंड देऊन.

त्याच वर्षी वुमेन्स नॅशनल प्रेस क्लबने अ‍ॅलिस डनिगन यांना प्रवेश दिला. त्या त्या संस्थेच्या पहिल्या कृष्णवर्णीय सभासद. डनिगन यांना व्हाइट हाउसचे वार्ताहरपद १९४७ मध्येच मिळालेले होते. स्वतः वगळल्या गेलेल्या स्त्रियांच्या संस्थेलाही वगळण्याची सवय होती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. स्त्री-पत्रकारांच्या लढ्याचे वर्णन करताना ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आणि त्याच वर्षी नॅशनल प्रेस क्लबने स्त्री बातमीदारांना व्याख्याने ऐकण्यास परवानगी दिली. परवानगी होती ती सज्ज्यात उभे राहण्याची. खाली सभागृहात सभासद व त्यांचे पाहुणे भोजन करीत. पाहुण्यांत पत्रकार नसलेले पुरुषही असत. वर अरुंद सज्ज्यात छायाचित्रकार, त्यांची उपकरणे आणि स्त्री बातमीदार यांची दाटी होई. त्यांना जेवण नसे आणि प्रश्न विचारता येत नसे. खालील काटे-चमच्यांच्या आवाजात वक्त्याचे शब्द नीट ऐकू येत नसत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या नॅन रॉबर्टसन या सज्ज्यात उभ्या राहिलेल्यांपैकी एक. १९९२ मध्ये आपल्या वृत्तपत्रातील स्त्रियांच्या लढ्याचा इतिहास लिहिताना त्यांनी पुस्तकाचे नावच ‘द गर्ल्स इन द बाल्कनी’ असे ठेवले.

क्लबच्या दृष्टीने सज्जा ही तडजोड होती. स्त्रियांना बातमी मिळते, मग तक्रार कशाची, असा युक्तिवाद त्यामागे होता. वरवर तो रास्त वाटतो. पण भोजनप्रसंगीच्या व्याख्यानात बातमी केवळ भाषणात नसते. वक्त्याशेजारी कोण बसले आहे, मेजावर कोणता विषय निघाला, जाता जाता तो कोणाच्या कानात काय बोलला, यांतून पुढची बातमी निघते. शिवाय चिठ्ठी पाठवण्याचा अधिकार हाच तेथील पत्रकाराचा खरा अधिकार होता. तो नसेल तर उपस्थिती ही प्रेक्षकाची उपस्थिती ठरते. एकाच वर्षी एका कृष्णवर्णीय पुरुषाला मेज मिळाले आणि सर्व वर्णांच्या स्त्रियांना सज्जा मिळाला. डनिगन यांच्यासारख्या पत्रकाराला या दोन्ही गोष्टींतून मिळाला तो सज्जाच.

ख्रुश्चेव्ह, किंग आणि रँडॉल्फ

सज्ज्याच्या विरोधात वुमेन्स नॅशनल प्रेस क्लबने जो मार्ग धरला तो व्यवहारचतुर होता. क्लबच्या सभासदांचे मन वळवण्याऐवजी वक्त्यांवर आणि परराष्ट्र खात्यावर दडपण आणावयाचे. १९५९ मध्ये ख्रुश्चेव्ह यांच्या भेटीच्या वेळी या संस्थेच्या अध्यक्षा हेलन थॉमस होत्या. वाटाघाटी होऊन ३३ स्त्री बातमीदारांना त्या दिवसापुरते खाली सभागृहात बसण्याची मुभा मिळाली. दहा पुरुषांमागे १.४ स्त्रिया असे प्रमाण ठरवण्यात आले होते. दशांश चिन्हापर्यंत मोजलेले हे औदार्य त्या काळच्या मनोवृत्तीविषयी पुष्कळ सांगून जाते. साम्यवादी पाहुण्यासमोर लोकशाही देशातील स्त्रिया सज्ज्यात उभ्या दिसणे बरे नव्हे, हाही विचार त्यामागे असावा. ख्रुश्चेव्ह गेले आणि पुढच्या भोजनाला स्त्रिया पुन्हा सज्ज्यात गेल्या.

१९ जुलै १९६२ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचे व्याख्यान झाले. क्लबच्या व्यासपीठावरून बोलणारे ते पहिले कृष्णवर्णीय वक्ते. जॉर्जियातील ऑल्बनी येथील चळवळीत त्या महिन्यातच त्यांना तुरुंगात जावे लागले होते. अहिंसक प्रतिकाराचे तत्त्वज्ञान राजधानीच्या वृत्तपत्रकारांपुढे मांडण्याची ही संधी होती आणि तिचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. त्या दिवशीही सज्ज्याचा नियम तोच होता.

पुढच्या वर्षी या दोन प्रश्नांची गाठ प्रत्यक्षच पडली. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे ज्येष्ठ नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी मोर्चाच्या दोन दिवस आधी, २६ ऑगस्ट रोजी, नॅशनल प्रेस क्लबमध्ये बोलण्याचे निमंत्रण स्वीकारले. रँडॉल्फ यांनी रेल्वेच्या शयनयान सेवकांची संघटना १९२५ मध्ये उभी केली होती आणि भेदभावाविरुद्ध झगडण्यात हयात घालवली होती. वुमेन्स नॅशनल प्रेस क्लबच्या एल्सी कार्पर यांनी निषेध नोंदवला. कृष्णवर्णीय कायदेपंडिता पॉली मरे यांनी रँडॉल्फ यांना थेट पत्रच लिहिले. स्त्रियांना सज्ज्यात पाठवणे हे कृष्णवर्णीयांना बसमध्ये मागच्या बाकावर बसवण्याइतकेच अपमानास्पद आहे, असा त्या पत्राचा आशय होता. मरे यांना स्वतःला १९४० मध्ये व्हर्जिनियात बसमधील जागेवरून अटक झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही तुलना केवळ अलंकारिक नव्हती हे कळते.

रँडॉल्फ यांनी भाषण रद्द केले नाही. त्यांच्या निर्णयाची एक बाजू समजण्यासारखी आहे. मोर्चाला दोन दिवस उरले होते, हिंसाचाराच्या अफवा पसरल्या होत्या आणि देशापुढे भूमिका मांडण्यास याहून चांगले व्यासपीठ नव्हते. तरीही मरे यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही ते नाहीच. मोर्चाच्या दिवशी मुख्य भाषण करणाऱ्यांत एकाही स्त्रीचा समावेश नव्हता, यावरून तो प्रश्न केवळ प्रेस क्लबचा नव्हता हे दिसून येते.

सभासदांचे मत

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हा प्रश्न सुटला असता असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे झाले नाही. सार्वजनिक जागांविषयीच्या त्याच्या तरतुदींत लिंगभेदाचा समावेश नव्हता आणि खाजगी क्लब त्यांतून वगळलेले होते. नोकरीतील भेदभावाच्या प्रकरणात लिंगभेद समाविष्ट होता, परंतु तेथेही खऱ्याखुऱ्या खाजगी क्लबांना सूट होती. म्हणजे दार उघडावयाचे तर ते आतूनच, सभासदांच्या मतदानाने उघडावे लागणार होते. संस्थेची घटना सभासदांच्या हाती असल्यामुळे इतकी वर्षे बदल रोखला गेला. त्याच कारणामुळे बदल झाला तेव्हा तो न्यायालयाने लादलेला ठरला नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीस परिस्थिती पालटली. स्त्री बातमीदारांची संख्या व वजन वाढले, सज्ज्याची नाचक्की सर्वतोमुखी झाली आणि स्वतः पुरुष सभासदांत एक पिढी अशी आली की जिला हा नियम समर्थनीय वाटेना. पहिले पाऊल स्त्रियांनी उचलले. १९७० च्या अखेरीस वुमेन्स नॅशनल प्रेस क्लबने पुरुषांना सभासद करण्याचा निर्णय घेऊन वॉशिंग्टन प्रेस क्लब असे नाव धारण केले. यातील चातुर्य लक्षात घेण्याजोगे आहे : आता नॅशनल प्रेस क्लब हाच एकटा बंद दाराचा क्लब उरला. १५ जानेवारी १९७१ रोजी त्याच्या सभासदांनी २२७ विरुद्ध ५६ मतांनी स्त्रियांना प्रवेश देण्याचे ठरवले. प्रथम प्रवेश मिळालेल्यांत एस्थर व्हॅन वॅगनर टफ्टी यांचे नाव अग्रस्थानी होते. मिशिगनमधील वृत्तपत्रांसाठी वॉशिंग्टनमधून बातम्या पाठवणारी स्वतःची वृत्तसंस्था त्यांनी वर्षानुवर्षे चालवली होती. सक्रिय वृत्तपत्रकार ही १९०८ ची कसोटी त्या तेव्हाही पूर्ण करीत होत्या आणि त्याआधी कित्येक वर्षेही.

यानंतरचा प्रवास तुलनेने सरळ आहे. १९८२ मध्ये व्हिव्हियन वॉलबर्ग या पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या. चिठ्ठ्या वाचण्याचे व निवडण्याचे काम आता एका स्त्रीकडे आले. १९८५ मध्ये वॉशिंग्टन प्रेस क्लब आणि नॅशनल प्रेस क्लब या दोन संस्थांचे विलीनीकरण झाले.

प्रक्षेपणानंतरचे सभागृह

सभासदत्वाचा प्रश्न सुटल्यावर सभागृहाच्या सीमारेषेचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. नॅशनल पब्लिक रेडिओ आणि १९८० पासून सी-स्पॅन ही दूरचित्रवाहिनी यांनी भोजनप्रसंगीची व्याख्याने प्रक्षेपित करण्यास सुरुवात केली. खाजगी भोजनगृहातील श्रोत्यांमागे आता देशभराचे अदृश्य श्रोते आले. त्यातून एक लहानशी, परंतु बोलकी प्रथा रूढ झाली. व्याख्यानाच्या आरंभी अध्यक्ष प्रेक्षकांना सांगू लागले की सभागृहात टाळ्या ऐकू आल्या तर येथे पत्रकार नसलेले लोकही उपस्थित आहेत हे ध्यानात घ्यावे, तो पत्रकारांच्या पक्षपाताचा पुरावा समजू नये. १९५५ मध्ये पत्रकार नसलेला पुरुष खाली मेजाशी बसे आणि पत्रकार असलेली स्त्री वर सज्ज्यात उभी असे, तेव्हा अशा खुलाशाची गरज कोणास भासली नव्हती.

टाळ्यांचा हा प्रश्न २८ एप्रिल २००८ रोजी ऐरणीवर आला. बराक ओबामा यांचे माजी धर्मगुरू जेरेमाया राइट यांचे त्या दिवशी क्लबमध्ये व्याख्यान झाले. राइट यांच्या समर्थकांनी सभागृह दणाणून सोडले, त्यांनी प्रश्नोत्तरांत दिलेली उत्तरे दिवसभर दाखवली गेली आणि दुसऱ्याच दिवशी ओबामा यांनी त्यांच्याशी जाहीरपणे फारकत घेतली. त्यानंतर चर्चा सुरू झाली ती राइट यांना बोलवावे असे सुचवणाऱ्या सभासदाच्या राजकीय कलाविषयी. सभासदांच्या समितीने वक्ते सुचवण्याची १९३२ पासूनची साधी पद्धत ही राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत संशयाचा विषय होऊ शकते, हे त्या निमित्ताने दिसले.

याखेरीज क्लबच्या खोल्या पत्रकार परिषदांसाठी भाड्याने दिल्या जात, आणि बाहेरच्या जगाला क्लबचे व्याख्यान व भाड्याच्या खोलीतील परिषद यांतील फरक क्वचितच कळे. ५ एप्रिल २०१० रोजी विकिलीक्सने बगदादमधील हेलिकॉप्टर हल्ल्याची चित्रफीत याच इमारतीत जाहीर केली. त्याआधी, १९ ऑक्टोबर २००९ रोजी, ‘यस मेन’ या विडंबनकारांच्या गटाने अमेरिकेच्या वाणिज्य मंडळाचे प्रतिनिधी असल्याची बतावणी करून क्लबमध्ये परिषद भरवली आणि हवामानविषयक विधेयकाला मंडळाचा पाठिंबा जाहीर केला. काही वृत्तसंस्थांनी ती बातमी खरी समजून प्रसृतही केली. परिषद चालू असतानाच मंडळाचा खरा अधिकारी धावत सभागृहात शिरला आणि समोर उभ्या असलेल्या वक्त्याकडे त्याचे ओळखपत्र मागू लागला. त्यावर तोतया प्रवक्त्यानेही उलट त्याच्याकडेच ओळखपत्राची मागणी केली.